आधी खिडकी, मग काटे: उडायला शिकणाऱ्यांसाठी व्हीएफआर आणि आयएफआर

ओझरची धावपट्टी, एचएएल या विमान कारखान्यात नोकरीला असलेला एखादा काका आणि डोक्यावरून गडगडत जाणारं सुखोई, एवढ्या भांडवलावर नाशिकची बरीच पोरं पायलट व्हायचं ठरवतात. हल्ली त्यात घरच्या कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरची भर पडली आहे. बारावी होण्याआधीच मुलाने दाट ढगांतून मुंबईच्या धावपट्टीवर आयएलएस (उतरण्याची वाट दाखवणारे रेडिओ संकेत) धरून विमान उतरवलेलं असतं. मग तो पहिल्यांदा खऱ्या सेस्नात बसतो, बाहेर लख्ख ऊन असतं आणि शेजारचे सर एकच वाक्य परत परत बोलत असतात, "अरे, बाहेर बघ की! आत काय ठेवलंय?"

हा लेख अशांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आहे. बाहेर पाहून उडणं आणि उपकरणांवर उडणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. त्या कोणत्या क्रमाने आणि कशा शिकायच्या, त्यात वेळ आणि पैसा कुठे वाया जातो, ते इथे सांगतो.

दोन्हींतला फरक

विमान सरळ आहे की कललेलं, नाक वर आहे की खाली, हे तुम्ही कशावरून ठरवता? बाहेरच्या क्षितिजावरून ठरवत असाल तर ते दृश्य उड्डाण, त्याचे नियम म्हणजे व्हीएफआर. समोरच्या काट्यांवरून किंवा स्क्रीनवरून ठरवत असाल तर ते उपकरण उड्डाण, त्याचे नियम म्हणजे आयएफआर. व्हीएफआरमध्ये डोंगर चुकवणं आणि दुसरं विमान वेळेत पाहणं ही मुख्यतः तुमच्या डोळ्यांची जबाबदारी. आयएफआरमध्ये ठरलेला मार्ग, ठरलेली उंची आणि एटीसीचं (हवाई वाहतूक नियंत्रणाचं) क्लिअरन्स, म्हणजे परवानगी, हे सगळं मिळून ते काम करतं.

नवे लोक इथे एक गल्लत हमखास करतात. आयएफआर म्हणजे खराब हवा, असं समजतात. आयएफआर हे नियमांचं नाव आहे, हवेचं नाही. ओझरहून दिल्लीला जाणारं प्रवासी विमान निरभ्र आकाशातही आयएफआरनेच जातं. उलटं मात्र चालत नाही. हवा ठरावीक मर्यादेच्या खाली गेली की व्हीएफआर बंद.

ही मर्यादा पाठच करा. नियंत्रित हवाई क्षेत्रात १०,००० फुटांखाली किमान ५ किलोमीटर दृश्यमानता हवी, त्याच्या वर ८ किलोमीटर. ढगापासून आडवं अंतर १,५०० मीटर आणि उभं १,००० फूट. विमानतळाच्या नियंत्रण क्षेत्रात उड्डाण किंवा उतरण्यासाठी ढगांचं छत किमान १,५०० फुटांवर आणि जमिनीवरची दृश्यमानता किमान ५ किलोमीटर. भारतात सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयाआधी २० मिनिटांपर्यंत व्हीएफआरने जाता येत नाही. अपवाद एटीसीने परवानगी दिलेल्या स्थानिक आणि फ्लाइंग क्लबच्या प्रशिक्षण उड्डाणांचा. सीपीएलसाठी (व्यावसायिक पायलटच्या लायसन्ससाठी) लागणारे रात्रीचे तास म्हणूनच बहुधा विमानतळाभोवतीच्या फेऱ्यांत, म्हणजे सर्किटमध्ये, होतात.

पहिली पायरी: कागद आणि डॉक्टर

हे थोडक्यात, कारण याची माहिती सगळीकडे मिळते. बारावीला फिजिक्स आणि गणित हवं. आधी क्लास टू मेडिकल, मग क्लास वन. फी भरण्याआधी क्लास वनचा निकाल हातात असू द्या. रंग ओळखण्यात दोष निघाला आणि तोवर लाखो रुपये भरून झालेले असले, तर घरात काय होतं हे सांगायला नको. डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) परीक्षेसाठीचा कॉम्प्युटर नंबर काढा आणि नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स यांचे पेपर शक्यतो उडायला जाण्याआधी उरका. पास व्हायला ७० टक्के लागतात.

नाशिककरांसाठी जवळचं फ्लाइंग म्हणजे धुळे-शिरपूरकडचं. पुढे बारामती, गोंदिया. ओझर एचएएल आणि संरक्षण खात्याच्या कामाचं, गांधीनगरची धावपट्टी लष्कराच्या हेलिकॉप्टरांची. त्यामुळे घरून डबा घेऊन फ्लाइंगला जायचं स्वप्न सोडा. तिकडे खोली घेऊन राहावं लागतं.

दुसरी पायरी: नाशिकमध्ये बसून आकाश वाचणं

याला एक पैसाही लागत नाही, तरी बहुतेक जण ही पायरी गाळतात.

सकाळी पांडवलेणीवर चढा. नकाशावर पट्टी लावून तिथून दिसणाऱ्या खुणांची अंतरं आधीच काढून ठेवा: अंबडचे कारखाने, चामरलेणी, रामशेज, अंजनेरी. आज कोणती खूण स्पष्ट दिसते, कोणती पुसट, कोणती गायब, ते वहीत लिहा. ५ किलोमीटर म्हणजे किती कमी, हे पहिल्याच आठवड्यात कळतं. कागदावर तो आकडा भरपूर वाटतो. १०० नॉटच्या (ताशी सुमारे १८५ किलोमीटरच्या) वेगात ५ किलोमीटर तुम्ही दीड मिनिट आणि वर काही सेकंदांत कापता. थंडीत गोदाकाठी आणि निफाडच्या बाजूला सकाळचं धुकं, एप्रिल-मेमध्ये पांढुरकी धूळ, जूनपासून इगतपुरी-कसाऱ्याकडून सरकत येणारे खालचे ढग, असे तिन्ही प्रकार नाशिकला घरबसल्या पाहायला मिळतात.

आता ढगांचं गणित. हवामानाच्या मेटार अहवालात ढगांचा तळ विमानतळाच्या जमिनीपासून मोजतात, तर क्यूएनएच (समुद्रसपाटीचा हवेचा दाब) लावलेला तुमचा अल्टिमीटर (उंचीचा काटा) समुद्रसपाटीपासून. ओझरची उंची सुमारे १,९०० फूट. समजा अहवाल म्हणतो, २,००० फुटांवर ब्रोकन, म्हणजे आठपैकी पाच ते सात भाग आकाश झाकलेलं. छत याला म्हणतात. विमानतळापुरती ही हवा व्हीएफआरला कायदेशीर आहे, छत १,५०० च्या वर आहे. पण अल्टिमीटरवर हा ढग ३,९०० फुटांवर. त्याच्या खाली १,००० फूट राहायचं तर तुम्ही २,९०० वर, म्हणजे ओझरच्या शेतांपासून जेमतेम हजार फूट वर. आणि उत्तरेला सातमाळेची रांग उभी आहे! धोडपचा माथा सुमारे ४,८०० फूट, बाकीचे बरेच माथे ४,००० च्या वर. म्हणजे सर्किट मारायला हवा ठीक, पण रांग ढगात बुडालेली आणि पलीकडे जायची वाट बंद. कायद्याने परवानगी आहे म्हणून निघालो आणि पुढे डोंगर आला, हा अपघातांचा फार जुना साचा आहे.

तिसरी पायरी: पहिले तास खिडकीबाहेर

सुरुवातीच्या तासांत विमान बाहेर पाहून उडवायचं. क्षितिज इंजिनाच्या झाकणाला कुठे छेदतं, ते चढताना, सरळ जाताना आणि उतरताना डोळ्यांत बसवा. वळताना ती रेष किती तिरकी होते ते पाहा. काट्यांकडे फक्त खात्री करायला डोकवायचं आणि लगेच बाहेर यायचं. माझ्या मते दहातले नऊ भाग लक्ष बाहेर हवं.

सिम्युलेटरवर वाढलेल्या मुलाला हे जड जातं. त्याची नजर उंचीच्या काट्यावर खिळते, काटा ५० फूट सरकला की तो दांडा ओढतो, काटा उशिरा प्रतिसाद देतो म्हणून आणखी ओढतो, आणि विमान लाटांवर चालल्यासारखं वरखाली होतं. यावर चांगल्या इन्स्ट्रक्टरचा साधा इलाज असतो. चिकटपट्टीच्या कागदांनी काटे झाकतो. आता क्षितिज, इंजिनाचा आवाज आणि हातातला दाब, एवढंच उरतं. पाच-सात मिनिटांत विमान शांत होतं, आणि कागद काढला तर उंची जागेवर असते. तुमचे सर हे आपणहून करत नसतील तर तुम्ही मागून घ्या, "सर, आज काटे झाकून करू या का?" कोणी नाही म्हणत नाही.

ट्रिम, म्हणजे दांड्यावरचा दाब काढून टाकणारी जुळणी, आत्ताच शिका. दांडा सोडला तरी विमान जागेवर राहिलं पाहिजे. पुढे हूडखाली (बाहेरचं दिसू न देणाऱ्या टोपीखाली) चार्ट वाचताना आणि रेडिओवर बोलताना हीच सवय कामी येते, आणि तेव्हा ती शिकायला वेळ नसतो. आणखी एक, उन्हाळ्यापुरतं: ओझरच्या उंचीवर ३८ अंश तापमानात विमानाला हवा ५,००० फुटांवरच्या इतकी विरळ लागते. धावपट्टी जास्त लागते, चढ मंद होतो. काट्यावरचा वेग मात्र नेहमीचाच ठेवायचा. जमीन भराभर मागे पळताना पाहून वेग कमी करायचा मोह होतो, तो आवरा.

चौथी पायरी: नकाशा, घड्याळ आणि चांदवड

क्रॉस-कंट्रीचा, म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे जायच्या उड्डाणाचा, सराव घरी कागदावर करा. ओझर ते धुळे घ्या. (कागदावर म्हणतोय. प्रत्यक्षात ओझरच्या हवाई क्षेत्रात परवानगीशिवाय पाऊल ठेवायचं नाही.) सरळ रेष साधारण ६७ नॉटिकल मैल, दिशा ईशान्य, ०४५ च्या आसपास. वारा नसेल तर १०० नॉटने ४० मिनिटं. रेषेवर दर दहा मैलांना खूण करा आणि शेजारी वेळ लिहा.

मग त्या रेषेकडे नीट बघा. ती सातमाळा ओलांडते राजधेर-इंद्राईच्या आसपास, धोडप डावीकडे राहतो. मुंबई-आग्रा महामार्ग मात्र चांदवडकडून जातो. रेषेपासून चांदवड चारेक नॉटिकल मैल, म्हणजे सात-आठ किलोमीटर उजवीकडे. मालेगाव त्याहूनही दूर. याचा अर्थ, कायद्याला मान्य असलेल्या ५ किलोमीटर दृश्यमानतेत या दोन्ही मोठ्या खुणा तुम्हाला दिसणारच नाहीत, आणि खाली डोंगर. अशा दिवशी शहाणा माणूस रेष मोडतो. महामार्ग धरून चांदवडच्या खिंडीतून मालेगाव गाठतो, मोसम-गिरणेचा संगम ओळखतो आणि तिथून धुळ्याकडे वळतो. चार मिनिटं जास्त गेली तर गेली.

वाट चुकली तर ६० ला १ चा हिशोब. ६० मैलांवर एक मैल चूक म्हणजे एक अंश. ३० मैलांवर तुम्ही दोन मैल डावीकडे असाल तर चूक चार अंशांची. उरलेल्या ३७ मैलांत ते दोन मैल भरून काढायला आणखी तीनेक अंश. म्हणजे सात अंश उजवीकडे. तोंडी करायची सवय लावा. आणि व्हीएफआरने पूर्वेकडच्या अर्ध्या वर्तुळात जाताना विषम हजार अधिक ५००, म्हणजे ५,५०० किंवा ७,५००. परतताना सम अधिक ५००. आयएफआरवाले पूर्ण हजारांवर असतात.

मधली जागा, जिथे माणसं मरतात

व्हीएफआर आणि आयएफआर दोन्ही आपापल्या जागी सुरक्षित आहेत. धोका आहे तो एकातून नकळत दुसऱ्यात शिरण्यात. बाहेरचं दिसणं कमी होत जातं, पण अजून थोडं दिसतंय म्हणून माणूस बाहेरच बघत राहतो, मधूनच आत बघतो, आणि दोन्हींपैकी कशावरच त्याचा भरवसा नसतो.

१९५४ मध्ये अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात उपकरण उड्डाण न शिकलेल्या २० जणांना नकली ढगात घातलं होतं. विसाच्या वीसही जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. पुढे थोड्या तासांच्या शिकवणीनंतर त्यांनाच उलटं वळून बाहेर पडणं जमू लागलं, हा त्याच प्रयोगाचा दुसरा आणि कामाचा भाग. ढगच लागतो असंही नाही. जुलै १९९९ मध्ये जॉन एफ. केनेडी ज्युनियर रात्री समुद्रावरून स्वतःचं विमान नेत होते. इन्स्ट्रुमेंट रेटिंग (उपकरणांवर उडायचा परवाना) नव्हतं, हवेत धुरकट होतं, क्षितिज दिसत नव्हतं. तपासात कारण निघालं ते दिशाभ्रमातून सुटलेला ताबा.

कारण कानात आहे. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव वळण सुरू झालेलं सांगतो, पण वळण तसंच चालू राहिलं तर वीसेक सेकंदांत तो स्थिरावतो आणि वळतोय ही जाणीवच मरते. मग सरळ केलं की उलटं वळल्यासारखं वाटतं. घरी करून पाहा: फिरत्या खुर्चीत बसा, डोळे मिटा, मान ताठ, आणि भावाला सांगा की सावकाश, एकसारखी गोल फिरव. अर्ध्या मिनिटाने त्याने आवाज न करता थांबवावं. तुम्ही कोणत्या बाजूला फिरताय ते बोटाने दाखवा. थांबलेली खुर्ची उलटी फिरतेय असं तुम्ही छातीठोकपणे सांगाल, आणि घरचे हसतील. खुर्चीवरून मध्येच उठू नका.

म्हणून सोलो क्रॉस-कंट्रीच्या आधी हे एक वळण सरांकडून हूड लावून घोटून घ्या. ढगात शिरलात तर बाहेर बघणं पूर्ण बंद. पंख कृत्रिम क्षितिजावर सरळ करा. शिरतानाची दिशा आणि तिच्या उलटची दिशा मोठ्याने म्हणा. सेकंदाला तीन अंशांच्या गतीने वळा, १०० नॉटला साधारण १५ अंश कल, अर्धं वर्तुळ बरोबर एका मिनिटात. उंची सोडू नका, खाली डोंगर आहे. ढगाखाली उतरून बघू, हा विचार मनात आला तरी हात तिकडे नेऊ नका. विमान स्थिर झालं की मग रेडिओ.

पाचवी पायरी: काट्यांवर उडणं

आता आत बघायची वेळ. हूड किंवा फॉगल्स लावले की फक्त पॅनल दिसतं. जुन्या विमानात सहा काटे: वेग, कृत्रिम क्षितिज, उंची, वळण, दिशा आणि चढउताराचा दर. काचेच्या कॉकपिटमध्ये हेच एका स्क्रीनवर. नजर कृत्रिम क्षितिजापासून निघते, एका काट्याकडे जाते आणि परत क्षितिजावर येते. एका काट्यावर अडकली की दुसरीकडे काहीतरी बिघडायला लागतं. नवशिक्याची नजर बहुधा दिशेच्या काट्यावर अडकते आणि तेवढ्यात उंची जाते.

काट्याच्या मागे धावू नका. अमुक कल अधिक अमुक पॉवर म्हणजे अमुक वेग आणि अमुक चढ, हे तुमच्या विमानाचे आकडे एका कार्डावर लिहून गुडघ्याला बांधा. आकडे लावा, ट्रिम करा, थांबा, मग बारीक दुरुस्ती. खिडकीतून उडताना जे नाकाने केलं तेच इथे स्क्रीनवरच्या छोट्या रेषेने करायचं असतं. तिसरी पायरी कच्ची राहिली असेल तर ती इथे उघडी पडते, आणि हे तास महाग असतात.

काही काटे बंद करूनही सराव करा. हवेच्या पंपावर चालणारं कृत्रिम क्षितिज एकदम मरत नाही, हळूहळू कलतं आणि तुम्ही त्याच्याबरोबर कलता. वळणाचा काटा आणि होकायंत्र यांच्याशी ताडून बघायची सवय हवी.

मग अप्रोच, म्हणजे धावपट्टीकडे उतरत जाणं. आयएलएसची उताराची रेषा बहुतेक ठिकाणी तीन अंशांची, म्हणजे मैलाला ३०० फुटांच्या थोडं वर. जमिनीवरचा वेग गुणिले पाच केलं की उतरायचा दर मिळतो: ९० नॉटला मिनिटाला ४५० फूट. कॅटेगरी वनमध्ये निर्णयाची उंची २०० फुटांपर्यंत खाली येते. तिथे दिवे किंवा धावपट्टी दिसली तर उतरा, नाही दिसली तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून परत वर. आणखी थोडं खाली जाऊन बघू, ही सवलत नाही. निर्णय अप्रोच सुरू करण्याआधी बोलून ठेवा आणि गो-अराउंडची दिशा, उंची तोंडपाठ ठेवा.

तास, सिम्युलेटर आणि पैसा

डीजीसीएच्या नियमाप्रमाणे सीपीएलला एकूण २०० तास, त्यात १० तास इन्स्ट्रुमेंटचे. इन्स्ट्रुमेंट रेटिंगला मात्र पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःकडे असलेला पायलट) म्हणून ५० तास क्रॉस-कंट्री आणि ४० तास इन्स्ट्रुमेंट लागतात. या ४० पैकी २० पर्यंत मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर चालतात. सिम्युलेटरचा तास विमानापेक्षा बराच स्वस्त, म्हणून संस्थेशी बोलताना पहिल्याच दिवशी विचारा: सिम्युलेटरला डीजीसीएची मान्यता आहे का, किती तास त्यावर होतात आणि आयआर (इन्स्ट्रुमेंट रेटिंग) पॅकेजमध्ये धरली आहे की वेगळी? लेखी घ्या.

घरच्या सिम्युलेटरबद्दल माझं मत असं: व्हीएफआर शिकताना तो कपाटात ठेवा, आयएफआर सुरू झाल्यावर बाहेर काढा. होल्डमध्ये (हवेत थांबून घालायच्या ठरलेल्या घिरट्यांत) कसं शिरायचं, अप्रोच चार्ट कोणत्या क्रमाने वाचायचा, व्हीओआरची (दिशा सांगणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ केंद्राची) सुई काय सांगते, यासाठी तो फार उपयोगी आहे. त्याचे तास लॉगबुकात जात नाहीत, एवढंच.

लॉगबुकात हूडखालचे तास, खऱ्या ढगातले तास आणि सिम्युलेटरचे तास वेगवेगळ्या रकान्यांत, त्याच दिवशी, सरांच्या सहीने भरा. महिन्याअखेरीला आठवून भरलेली पानं लायसन्सच्या अर्जाच्या वेळी परत येतात. आणि आयआर १२ महिन्यांचीच असते, पुढे चेक (उड्डाणाची चाचणी) देऊन चालू ठेवावी लागते. सीपीएल हातात पडल्यापासून पहिली नोकरी लागेपर्यंत वर्ष सहज निघून जातं, तेव्हा त्या एका चेकचे पैसे आणि त्याआधीच्या दोन-तीन सरावांचे पैसे घरच्या हिशोबात आत्ताच धरा.